इंग्लंडहून स्वतःच्या गाडीने आल्प्सला: व्हिसापासून घाटापर्यंत सगळी तयारी

इंग्लंडमध्ये जुलैच्या शेवटी शाळा सुटतात आणि नेमकी तेव्हाच विमानाची तिकिटं आभाळाला भिडतात. दोन मुलं, भारतातून आलेले आजी-आजोबा, औषधांची पिशवी, धाकट्याची कार सीट, असा सगळा लवाजमा घेऊन विमानतळावर ताटकळण्यापेक्षा दारातली गाडी काढून थेट फ्रान्समध्ये उतरणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. आणि स्वस्त नाही पडलं तरी मोकळं नक्की पडतं. सामानाचं वजन करायला कुणी बसलेलं नसतं, वाटेत आवडलं तिथे थांबता येतं.

आपण गाडी पुण्यात शिकलेलो असू नाहीतर रेडिंगमध्ये, सगळे डाव्या बाजूने चालवणारेच. त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला: उजवीकडून जमेल का? जमतं, तासाभरात हात बसतो. माझ्या मते सुट्टीचा विचका वेगळ्याच गोष्टींनी होतो. व्हिसाची तारीख मिळत नाही, छतावरच्या बॉक्सची उंची बुकिंगमध्ये सांगायची राहते, टोल नाक्यावर पैसे भरायची खिडकी नको त्या बाजूला येते. म्हणून खाली गाडी चालवण्याइतकीच जागा घरून निघण्याआधीच्या कामांना दिली आहे. उदाहरणासाठी रस्ता धरलाय तो इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं फोकस्टन, समुद्रापलीकडे फ्रान्समधली कॅले, रँस, दिजाँ आणि तिथून स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन. हा बराच मळलेला रस्ता आहे, आणि यात बहुतेक सगळे नियम भेटतात.

सगळ्यात आधी व्हिसा

घरात कुणाचाही पासपोर्ट भारतीय असेल तर त्याला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा. ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी असली तरीही लागतो. नवरा ब्रिटिश, बायको भारतीय, मुलं ब्रिटिश, असं घर असेल तर एकटीसाठी का होईना, अर्ज करावाच लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. हे पंधरा दिवस फक्त कागदावर. उन्हाळ्यात लंडनच्या व्हिसा केंद्रात भेटीची वेळ मिळणं हेच मोठं काम असतं. ऑगस्टमध्ये जायचं असेल तर मार्च-एप्रिलपासून मागे लागा. मोठ्यांचं शुल्क ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांचं ४५, त्याहून लहानांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त रात्री मुक्काम आहे त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत फ्रान्सकडे. व्हिसाची तारीख लवकर मिळते म्हणून एका देशाचा काढायचा आणि सगळा मुक्काम दुसरीकडे करायचा, हा उद्योग करू नका. हॉटेलची बुकिंग बघून विचारणा झाली तर उत्तर देता येत नाही. विमानाच्या तिकिटाच्या जागी समुद्राखालच्या बोगद्याचं किंवा बोटीचं बुकिंग, गाडीचं लॉगबुक (नोंदणीचा कागद) आणि मुक्कामांची यादी जोडायची. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमाही लागतो.

आजी-आजोबा ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर त्यांचा शेंगेन व्हिसा इथून मिळेल या भरवशावर राहू नका. अर्ज साधारणपणे जिथे राहता तिथूनच करायचा असतो. त्यांनी तो भारतातूनच काढून यावं.

पासपोर्ट भारतीय असो वा ब्रिटिश, दोन अटी तपासा. प्रवेशाच्या दिवशी तो काढून दहा वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालायला हवा. शिवाय ब्रिटनमध्ये राहण्याच्या परवान्याचं जुनं कार्ड, बीआरपी, आता चालत नाही. तुमचा ई-व्हिसा सध्याच्या पासपोर्टशी जोडलेला आहे ना, हे घरी बसूनच बघून घ्या. पासपोर्ट नवा केला आणि जोडणी करायची राहिली, तर ते परतताना कॅलेच्या खिडकीवर कळतं, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने ईईएस ही नवी नोंद पद्धत सुरू केली आहे. शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. फोकस्टन आणि डोव्हर इथे फ्रान्सचे अधिकारी ब्रिटनच्या जमिनीवरच तपासणी करतात, त्यामुळे ही रांग समुद्र ओलांडायच्या आधीच लागते. वेळ धरूनच निघा.

गाडीचे कागद

ब्रिटनचा फोटो असलेला वाहन परवाना फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये तसाच चालतो, आंतरराष्ट्रीय परवाना लागत नाही. भारतीय परवान्यावर ब्रिटनमधलं पहिलं वर्ष काढत असाल तर मात्र विमा कंपनीला स्पष्ट विचारल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नका.

लॉगबुक, म्हणजे व्ही५सी, मूळ प्रत घ्यायची, झेरॉक्स नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जणांची इलेक्ट्रिक गाडी ऑफिसच्या पगारकपात योजनेतली असते, म्हणजे मालक लीज कंपनी. मग लॉगबुक तुमच्याकडे नसतंच. त्याऐवजी व्हीई१०३ नावाचं प्रमाणपत्र लीज कंपनीकडून मागवावं लागतं. त्याला थोडे पैसे पडतात, काही दिवस लागतात, आणि काही कंपन्या परदेशात गाडी नेण्याचे दिवस मोजून देतात. हे महिनाभर आधी उरका.

विम्याचं ग्रीन कार्ड ऑगस्ट २०२१ पासून लागत नाही. पण इथे एक खाच आहे. ब्रिटनच्या विम्यात युरोपसाठी कायद्याने फक्त थर्ड पार्टी संरक्षण आपोआप मिळतं. घरी तुमचा विमा कॉम्प्रिहेन्सिव्ह असला तरी कॅलेला तो तसाच राहील असं नाही. कंपनीला फोन करून तारखा आणि देश सांगा, दुसरा चालक कोण ते सांगा, उत्तर ईमेलवर घ्या. त्याच फोनमध्ये युरोपातल्या ब्रेकडाउन सेवेचंही विचारा, दोन्ही एकत्र घेतलं तर कधी कधी स्वस्त पडतं.

गाडीत काय हवं

नंबरप्लेटवर यूके ही अक्षरं आणि ब्रिटनचा झेंडा असेल तर फ्रान्ससाठी वेगळं काही लागत नाही. नसेल, किंवा जीबी असेल, किंवा युरोपचे तारे असतील, तर मागे यूके लिहिलेला स्टिकर लावा. जीबीचा जुना स्टिकर २८ सप्टेंबर २०२१ पासून बाद झाला. तो झाका किंवा काढा.

ब्रिटनमधल्या गाडीचे हेडलाइट डावीकडे झुकलेले असतात. उजव्या बाजूने चालवताना तो झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. त्यासाठी काचेवर चिकटवायचे स्टिकर मिळतात. नव्या गाड्यांत बऱ्याचदा सेटिंगमध्येच हा बदल करता येतो, गाडीचं पुस्तक उघडून बघा. स्टिकर लावायचे असतील तर घरी, काच कोरडी पुसून लावा. टर्मिनलच्या दुकानात ते महाग मिळतात आणि पार्किंगमध्ये घाईघाईने वाकडे चिकटतात.

फ्रान्समध्ये लाल त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे. जॅकेट डिकीत ठेवायचं नाही, हात पोचेल तिथे ठेवायचं, कारण ते गाडीतून उतरण्याआधी घालायचं असतं. नियम काहीही असो, माणशी एक घ्या. श्वासातली दारू तपासायची नळी ठेवण्याचा नियम फ्रान्सने २०२० मध्येच काढून टाकला, तरी दुकानांतल्या 'युरोप किट'मध्ये ती अजून खपवतात. त्या किटमधलं निम्मं सामान तुमच्याकडे आधीच असतं. सुटं घ्या.

दहा वर्षांखालच्या मुलांना फ्रान्समध्ये पुढे बसवता येत नाही. मागे, वयाला साजेशा सीटवर बसवायचं.

आणखी एक काम लोक विसरतात ते टायरमधल्या हवेचं. पाच माणसं, भरलेली डिकी आणि वर बॉक्स असेल तर रोजचा दाब पुरत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा छापलेला असतो. तो भरा.

पॅरिस, ल्यों, ग्रनोब्ल अशा शहरांत जायचं असेल तर क्रिट-एअर नावाचा प्रदूषण स्टिकर आधी मागवून ठेवा. या शहरी क्षेत्रांच्या नियमांवरून फ्रान्समध्ये राजकीय रस्सीखेच चालू असते, म्हणून जाण्याच्या महिन्यातली स्थिती बघा. फ्रेंच सरकारच्या संकेतस्थळावर तो टपालखर्चासह पाच युरोंच्या आसपास मिळतो. शोध घेतल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या इतर साइट त्याचेच कितीतरी पट घेतात.

बोगदा की बोट

डोव्हर ते कॅले बोटीला साधारण दीड तास लागतो, बोगद्यातून गाड्या डब्यात घालून नेणाऱ्या लशटल रेल्वेला ३५ मिनिटं. बोट बऱ्याचदा स्वस्त असते आणि चालकाला पाय मोकळे करता येतात. पण लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर मी बोगदा निवडेन. समुद्र खवळलेला असला तरी काही फरक पडत नाही, आणि आजीला गाडीतून उतरून बोटीचे जिने चढावे लागत नाहीत. दोन्हीकडे तिकीट मुख्यतः गाडीचं असतं, बोगद्यात तर माणसं मोजतच नाहीत, त्यामुळे सात जणांची गाडी भरून नेली तर माणशी खर्च फारच खाली येतो.

बुकिंग करताना उंची खरी सांगा. बोगद्यात १.८५ मीटरपेक्षा उंच गाड्यांना वेगळे डबे असतात. साधी हॅचबॅकही छतावर बॉक्स चढवला की हा आकडा ओलांडू शकते. घरी बॉक्स लावून टेपने मोजा, मग बुक करा. मोजलेला आकडा एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवून टाका. फ्रान्समधल्या तळघरातल्या पार्किंगच्या दारात १.९० मीटरची पाटी दिसली की तीच चिठ्ठी कामाला येते. गाडी एलपीजीवर चालत असेल तर बोगदा विसरा, घेत नाहीत.

फोकस्टनला एम२० मोटरवेवरून ११ए या एक्झिटने थेट टर्मिनलमध्ये शिरता येतं. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, पडद्यावर नाव येतं आणि आरशाला अडकवायचा एक कागद मिळतो, त्यावर मोठं अक्षर. ते अक्षर फलकावर लागलं की निघायचं. आधी ब्रिटनची तपासणी, मग फ्रान्सची, मग रांगेतून डब्यात. आत गाडी बंद करायची, हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकून ठेवायचा, काच थोडी खाली. घड्याळ एक तास पुढे करायला हीच वेळ चांगली.

उजवी बाजू

कॅलेला डब्यातून बाहेर पडलात की पाट्यांच्या मागे जात तुम्ही सरळ ए१६ या मोटरवेवर पोचता. सगळे एकाच दिशेने जातायत, मध्ये कठडा आहे, चुकायला वावच नाही. म्हणून पहिला तास सोपा जातो आणि माणूस निर्धास्त होतो.

धोका असतो रिकाम्या रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हॉटेलच्या पार्किंगमधून निघताना, पेट्रोल भरून बाहेर पडताना, एकेरी रस्ता संपून दुहेरी सुरू होतो तिथे. समोर दुसरी गाडी नसते, डोकं झोपेत असतं आणि हात आपोआप डावीकडे वळवतात. याला उपाय एकच: गाडी सुरू करताना शेजारी बसलेल्याने मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं, प्रत्येक वेळी, तिसऱ्या दिवशी हसू आलं तरी. मुलांना हे काम दिलं तर ती अजिबात विसरत नाहीत.

राउंडअबाउट उलटे, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरतात, आणि डावीकडून येणाऱ्याला, म्हणजे आधीच आत असलेल्याला, वाट द्यायची. शिरताना नजर डावीकडे.

यापेक्षा अवघड नियम आहे उजव्या हाताच्या अग्रहक्काचा. फ्रान्समधल्या गावात चौकात कुठलीही पाटी किंवा रेघ नसेल, तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा पहिला हक्क. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात आणि तो चिंचोळ्या बोळातून येतोय, तरीही. आणि तो थांबत नाही, कारण त्याला हक्क आहे हे त्याला ठाऊक असतं. रस्त्यावर पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन टोकावर उभा दिसला तर हक्क तुमचा. त्याच चौकोनावर काळी तिरकी रेघ आली की हक्क संपला, आता प्रत्येक उजव्या गल्लीपाशी वेग कमी करा.

स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे आपण रस्त्याच्या कडेला बसतो. दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या मागे असलो तर पुढचं काही दिसत नाही. ट्रकपासून भरपूर मागे राहा, अंतर असेल तर थोडं तरी दिसतं. शेजारच्याला दिसतं, पण ओव्हरटेकचा निर्णय त्याच्यावर सोपवू नका. 'जा, जा' म्हणणाऱ्याला गाडीचा पिकअप माहीत नसतो. सुट्टीवर आहात, ट्रकमागे दहा मिनिटं गेली तर जाऊ द्या. मोटरवेवर डावा आरसा आता ओव्हरटेकचा आरसा झाला, तो निघण्याआधीच नीट लावून घ्या.

वेग आणि दंड

फ्रान्समध्ये मोटरवेवर ताशी १३० किलोमीटर, पाऊस असेल तर ११०. मध्ये दुभाजक असलेल्या दुहेरी रस्त्यावर ११०, पावसात १००. बाकी गावाबाहेरच्या रस्त्यांवर ८०, काही जिल्ह्यांनी ते पुन्हा ९० केलंय, तिथे पाटी असते. गावात ५०. आणि गावाच्या नावाची पाटी हीच ५० ची पाटी, वेगळा आकडा लिहिलेला नसतो. नावावर लाल रेघ मारलेली पाटी आली की गाव संपलं. मैलांत बघायचं तर १३० म्हणजे साधारण ८१, ८० म्हणजे ५०, ५० म्हणजे ३१. डिजिटल मीटर असेल तर किलोमीटरवर बदलून टाका.

परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर फ्रान्समध्ये मर्यादा खालच्या: मोटरवेवर ११०, दुभाजकाच्या रस्त्यावर १००, बाकी ८०. भारतात वीस वर्षं चालवली असेल हो, पण पोलीस कार्डावरची तारीख बघणार. दारूची मर्यादाही इंग्लंडपेक्षा कमी आहे. इंग्लंडमध्ये रक्तात लिटरला ०.८ ग्रॅम, फ्रान्समध्ये ०.५ आणि या नव्या परवान्यांना ०.२. म्हणजे जेवताना वाइनचा ग्लास घ्यायचा तर किल्ली दुसऱ्याकडे.

कॅमेरा कुठे आहे हे नेमकं सांगणारं यंत्र किंवा अॅपमधली तशी सूचना फ्रान्समध्ये बेकायदा आहे, नुसतं जवळ असलं तरी. सॅटनॅवमध्ये जाऊन ती बंद करा. चालवताना कानात इअरफोन घालायचा नाही, एका कानातही नाही. ऑफिसचा कॉल घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

टोल आणि इंधन

कॅलेहून ए२६ ला लागलात की सांत-ओमेरजवळ पहिला नाका येतो. यंत्रातून तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे. यंत्र डावीकडे, तुम्ही उजवीकडे. शेजारी कुणी असेल तर तिकीट, कार्ड आणि पावती ही खाती त्याची. एकट्याने जाणार असाल, किंवा शेजारच्या सीटवर आजी डुलकी काढत असतील, तर टेलेपेआजचा टॅग घरूनच मागवा. काचेला चिकटवला की फाटक आपोआप उघडतं. हिरवा बाण असलेल्या लेनमध्ये साधारण सगळे प्रकार चालतात, कार्डाचं चित्र असेल तिथे कार्ड. फक्त नारिंगी 'टी' असलेल्या लेनमध्ये टॅगशिवाय शिरू नका. छतावरच्या बॉक्समुळे यंत्राने वरच्या वर्गाची रक्कम दाखवली तर पैसे भरण्याआधी मदतीचं बटण दाबा आणि साधी कार आहे म्हणून सांगा, ते दुरुस्त करतात.

नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए१३ आणि ए१४ वर आता नाकेच नाहीत, कॅमेरे आहेत. तिथून गेलात तर ७२ तासांच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे. फाटक दिसलं नाही म्हणजे रस्ता फुकट होता असं नाही.

इंधन मोटरवेवर महाग. एक्झिट घेऊन गावाबाहेरच्या सुपरमार्केटच्या पंपावर भरा. 'गाझोल' म्हणजे डिझेल, नावाला भुलून पेट्रोलच्या गाडीत भरू नका. नोझलवर गोल चिन्हात ई५ किंवा ई१० असेल तर पेट्रोल, चौकोनात बी७ असेल तर डिझेल. या बिनमाणसांच्या पंपांवर कार्डावर आधी मोठी रक्कम अडकवून ठेवतात आणि नंतर सोडतात, म्हणून खात्यात जरा शिल्लक असू द्या. इलेक्ट्रिकवाल्यांना ब्रिटनमधलाच जलद चार्जिंगचा प्लग चालतो. एवढंच की शनिवारी दुपारी मोटरवेवरच्या चार्जरपाशी रांग असते.

शनिवारचं सांगायचंच आहे. फ्रान्समध्ये निम्मे लोक जुलैत सुट्टी घेतात, निम्मे ऑगस्टमध्ये, आणि महिना बदलतानाच्या शनिवारी दोन्ही झुंडी एकमेकांना ओलांडतात. बिझों फ्युते ही सरकारी सेवा आधीच रंगीत दिनदर्शिका काढते: हिरवा, नारिंगी, लाल, काळा. काळ्या दिवशी निघू नका. मंगळवारी किंवा बुधवारी निघालात तर तोच रस्ता ओळखू येणार नाही.

डब्यात काय न्यायचं

हे आपल्या लोकांना फार महत्त्वाचं, म्हणून वेगळं. ब्रिटनमधून युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तुपाची बरणी, पनीर, दही, चीजचं सँडविच, सगळं घरी ठेवायचं. ताजी भाजी आणि फळंही प्रमाणपत्राशिवाय नाहीत, फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. कढीपत्ता, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या गेल्याच. राहिलं काय? पोहे, रवा, भाजणी, मसाले, डाळ-तांदूळ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तेलातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. एवढ्यावर आपण आठवडा काढू शकतो. दूध, लोणी, भाज्या तिथल्या बाजारात मिळतात, आणि फ्रान्सच्या लोण्याचं तूप घरच्यापेक्षा वाईट होत नाही.

मोटरवेवर थोड्या थोड्या अंतराने 'एर' नावाच्या जागा असतात, काहींत पंप आणि दुकानं, काहींत फक्त झाडी, बाकं आणि स्वच्छतागृह. दुसऱ्या प्रकारच्या जागी थांबा. बाकावर पुऱ्या-चटणी सोडून बसायला त्यासारखी जागा नाही. मात्र गाडी नजरेसमोर ठेवा, पासपोर्टची पिशवी गळ्यात, आणि रात्री तिथे झोपू नका.

कॅले ते दिजाँ सुमारे पावणेसहाशे किलोमीटर. सकाळच्या गाडीने बोगदा ओलांडला तर संध्याकाळी जेवायला पोचता. मुलं लहान असतील तर रँसला मुक्काम करा, ते तीन तासांच्या आत येतं आणि तिथलं कॅथेड्रल बघता येतं.

स्वित्झर्लंड आणि घाट

स्वित्झर्लंडच्या मोटरवेवर टोल नाके नाहीत, वर्षाचं एकच विन्येट, म्हणजे मोटरवे वापरायचा पास: ४० फ्रँक. दोन दिवसांसाठी गेलात तरी तेवढेच. १ ऑगस्ट २०२३ पासून ते ऑनलाइनही मिळतं आणि नंबरप्लेटला जोडलेलं असतं, काचेवर काही चिकटवायला नको. सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या. नसताना सापडलात तर २०० फ्रँक दंड आणि वर विन्येटचे पैसे.

सीमा ओलांडताच पाट्यांचे रंग बदलतात. फ्रान्समध्ये मोटरवेच्या पाट्या निळ्या, इथे मोटरवे हिरवा आणि साधा मोठा रस्ता निळा. वेग १२०, ८० आणि ५०. दिवे दिवसाही सुरू. दंडाच्या बाबतीत हा देश दयाळू नाही, थोडासा जास्त वेगही पकडतात. आणि फोनचं बघा: स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे तुमच्या रोमिंगमध्ये असेलच असं नाही. नकाशे आधीच उतरवून घ्या.

उन्हाळ्यात वरचे घाट उघडे असतात. इंटरलाकेनहून ग्रिमसेल (२,१६४ मीटर) आणि पुढे फुर्का (२,४२९ मीटर) ही वाट एका दिवसात होते. साधारण जूनमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरमध्ये बर्फ पडला की बंद, निघायच्या सकाळी स्थिती बघा. वरंधा किंवा आंबोली चालवलेल्याला वळणं नवी नाहीत, पण इथे उतार लांबच लांब असतो. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर तापलेल्या ब्रेकचा जळका वास येतो आणि पकड जाते. चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर हाताने गिअर खाली आणा. चिंचोळ्या जागी समोरासमोर आलात तर साधारण चढणाऱ्याला वाट द्यायची.

याला अपवाद पिवळ्या बसचा. पोस्टऑटो म्हणजे तिथली एसटीच, जिथे काही जात नाही तिथे ती जाते. निळ्या पाटीवर पिवळं फुंकायचं शिंग असलेल्या डोंगरी रस्त्यावर तिचा हक्क पहिला, आणि चालक मागे घ्या म्हणाला तर गाडी मागे घ्यायची. आंधळ्या वळणाआधी ती तीन सुरांचा भोंगा वाजवते, रॉसिनीच्या 'विल्यम टेल'मधले सूर. खिडकी थोडी उघडी ठेवा. तो ऐकू आला की वळणाआधी रुंद जागा बघून कडेला थांबा, बस वळताना पूर्ण रस्ता घेते.

वेंगेन, म्युरेन आणि झेरमाट या गावांत गाडी जातच नाही. पहिल्या दोन्हींसाठी लाउटरब्रुनेनला आणि झेरमाटसाठी टेशला गाडी लावून पुढे रेल्वेने किंवा रोपवेने. गावांत निळ्या रेघांच्या पार्किंगमध्ये कागदी तबकडी लागते. आल्याच्या वेळेनंतरची पुढची खूण लावायची आणि ती काचेतून दिसेल अशी ठेवायची. तबकडी पर्यटन कार्यालयात सहज मिळते.

गाडी बंद पडली तर

फ्रान्समधल्या टोलच्या मोटरवेवर तुमची ब्रेकडाउन कंपनी येऊ शकत नाही. तिथे फक्त नेमून दिलेले टोइंगवाले येतात. आधी जॅकेट, मग सगळ्यांनी उजवीकडून उतरून कठड्यापलीकडे जायचं, मग कडेच्या नारिंगी फोनवरून किंवा ११२ वर कळवायचं. नारिंगी फोनला जागा आपोआप कळते, म्हणून तो बरा. ते गाडी मोटरवेबाहेर नेतात, दर सरकारने ठरवलेले असतात, पावती घ्या. तिथून पुढे तुमच्या कंपनीचं काम सुरू होतं आणि पावतीचे पैसे बहुतेक पॉलिसींत परत मिळतात.

दुसऱ्या गाडीला घासली किंवा धडकली तर फ्रान्समध्ये दोघांनी मिळून एक फॉर्म भरायची रीत आहे, 'कोंस्ता आमियाब्ल'. त्याची इंग्रजी प्रत विमा कंपनीकडून आणून गाडीत ठेवा, चौकटी दोन्ही भाषांत एकाच जागी असतात. जे समजलं नाही त्यावर सही करू नका. फोटो आधी, गाड्या हलवणं नंतर.

परतताना

परतीच्या दिवशी कॅलेला तिकिटावर सांगितलंय त्याहून जरा आधीच पोचा, कारण इथेही दोन्ही देशांच्या तपासण्या ओलांडायच्या असतात. फ्रान्समधून कोंते चीजचा मोठा तुकडा आणायचा बेत असेल तर तो सोडा: एप्रिल २०२५ पासून ब्रिटनने युरोपीय संघातून प्रवाशांना गाय, मेंढी, शेळी, डुक्कर यांचं मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी घातली आहे, पाकीटबंद असले तरी. चॉकलेट, बिस्किटं, मोहरी चालते. दिजाँची मोहरी कांद्याच्या कोशिंबिरीत फार छान लागते. फोकस्टनला उतरल्यावर मोटरवेवरच्या पहिल्या विश्रांतीच्या जागी थांबून हेडलाइटवरचे स्टिकर काढा, किंवा सेटिंग पूर्ववत करा, आणि टॅगच्या खात्यावर पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवा, काही नाक्यांची रक्कम उशिरा दिसते.